न विचारता काढलेला फोटो: आधी पोस्टची तारीख बघा

ताई, मरीन ड्राइव्हच्या कट्ट्यावर ऑफिसातल्या सहकाऱ्यासोबत बसलेला तुमचा फोटो कुणीतरी काढला, "नवरा घरी, मॅडम कट्ट्यावर" असं लिहून इन्स्टाग्रामवर टाकला, आणि अकरा महिन्यांनी तुम्ही विचारताय की न विचारता फोटो काढणं गुन्हा आहे का. असे मेसेज खूप येतात आणि सगळे इथेच अडकतात.

रस्त्यावर नुसता फोटो काढला तर सहसा गुन्हा होत नाही. भारतीय न्याय संहितेचं (जुन्या आयपीसीच्या जागी आलेल्या कायद्याचं) कलम ७७ खासगी क्षणांसाठी आहे, आयटी ॲक्टचं ६६ई शरीराच्या खासगी भागांसाठी, तुमच्या फोटोत तसं काही नाही. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असं सांगणारा सुप्रीम कोर्टाचा २०१७ चा पुट्टस्वामी निकाल महत्त्वाचा खरा, पण एका खासगी माणसाविरुद्ध तो कितपत चालेल याची खात्री मी देणार नाही.

तुमची केस आहे ती त्या कॅप्शनवर. ती सरळ बदनामी आहे, आणि बदनामीच्या भरपाईचा दिवाणी दावा पोस्ट पडल्यापासून १ वर्षात लावावा लागतो. म्हणजे उरला जेमतेम महिना! अकरा महिने तुम्ही कमेंटमध्ये भांडलात, मग चिडून त्याला ब्लॉक केलंत आणि ज्या चॅटमध्ये तो "हो, मीच काढलाय" म्हणाला तीच डिलीट केलीत. अहो, तोच तर पुरावा होता. तेव्हा मैत्रिणीला स्क्रीनशॉट पाठवले असतील तर आजच शोधा.

पोस्ट अजून असेल तर दुसऱ्याच्या फोनवरून लिंक, तारीख, कॅप्शन सगळं दिसेल असं रेकॉर्ड करून ठेवा, आणि वकिलाकडून साक्ष्य अधिनियम कलम ६३ चं, म्हणजे डिजिटल पुराव्यासोबत कोर्टात द्यावं लागणारं, सर्टिफिकेट करून घ्या, नाहीतर कोर्टात समोरचा पहिला आक्षेप त्यावरच घेईल.

फौजदारी बदनामीला, न्याय संहितेचं कलम ३५६, तक्रारीसाठी ३ वर्षं मिळतात, पण त्यात पोलीस थेट एफआयआर घेत नाहीत, मॅजिस्ट्रेटकडे जावं लागतं आणि तिथे तारखांवर तारखा पडतात, तोवर पोस्ट तशीच फिरत राहते, याचा मला फार त्रास होतो. म्हणून दिवाणी दाव्यातच पोस्ट काढायचा अंतरिम, म्हणजे निकालाआधीचा, आदेश मागा, मिळेलच असं नाही. गर्दीचा फोटो वेगळा, एका बाईवर झूम करून तिच्या चारित्र्यावर लिहिणं हे कुठल्याच फोटोग्राफीत बसत नाही.

आणि नोटीस पाठवून उत्तराची वाट बघत बसू नका, नोटिशीने मुदत थांबत नाही, दिवाणी दावा पोस्टला वर्ष व्हायच्या आत दाखल व्हायलाच हवा.