नाशिकचं लायसन्स आणि इंग्लंडमधले पहिले बारा महिने

तू इंदिरानगरहून विचारलंयस की सप्टेंबरात बायको आणि चार वर्षांच्या मुलीला घेऊन बर्मिंगहॅमला निघतोय, अकरा वर्षं गाडी चालवतोय, कसारा घाट तर पाठच आहे. मग आपलं एमएच-१५ चं लायसन्स तिकडे चालेल का, इंटरनॅशनल परमिट काढू का आणि परत परीक्षा द्यावीच लागते का? ताई म्हणालास म्हणून अरेतुरेच करते. मी पंचवटीतली, इंग्लंडला येऊन आता सात वर्षं झाली.

लायसन्स चालतं, पण फक्त बारा महिने. तू तिथे राहायला आलास त्या दिवसापासून हे महिने मोजायचे. दिवाळीला नाशिकला येऊन गेलास तरी मोजणी नव्याने सुरू होत नाही. बारा महिने संपले की अकरा वर्षांचा अनुभव असून तू शिकाऊ ठरतोस. म्हणजे गाडीला लाल 'एल' लावायचा आणि शेजारी किमान २१ वर्षांचा, तीन वर्षं लायसन्स असलेला माणूस बसवायचा. आपलं लायसन्स देऊन तिकडचं घेता येतं असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नकोस. काही देशांच्या लोकांना ती सोय आहे, भारतीयांना नाही. लेखी आणि गाडीची, दोन्ही परीक्षा द्याव्याच लागतात. इंटरनॅशनल परमिटची या बारा महिन्यांत कायद्याने गरज नाही. त्यापेक्षा पेठ रोडच्या आरटीओत जाऊन तुझ्या लायसन्सची मुदत बघ. ती संपत आली असेल तर निघण्याआधीच नूतनीकरण कर, कारण मूळ लायसन्स जिवंत असेल तरच ते तिकडे चालतं.

माझं कळकळीचं सांगणं एकच आहे, पहिला महिना वाया घालवू नकोस. घर मिळालं की लगेच प्रोव्हिजनल, म्हणजे तिकडच्या शिकाऊ लायसन्सचा अर्ज कर. ऑनलाइन ३४ पाउंड, पोस्टाने ४३. त्यात मागच्या तीन वर्षांचे पत्ते विचारतात, तेव्हा नाशिकचा पत्ता पिनकोडसकट लिहून ठेव. ते आलं की लेखी परीक्षा, २३ पाउंड. ५७ मिनिटांत ५० प्रश्न, त्यातले ४३ बरोबर यावे लागतात. त्याला जोडूनच व्हिडिओ दाखवतात. रस्त्यावर धोका तयार होताना दिसला की क्लिक करायचं, ७५ पैकी ४४ गुण हवेत. उगाच टकाटक क्लिक करत बसलास तर त्या व्हिडिओला शून्य. पास झाल्यावर मिळणारा निकाल दोन वर्षं चालतो आणि त्यानंतरच गाडीच्या परीक्षेची तारीख घेता येते. खरी अडचण तिथेच आहे. तारखा कित्येक महिने पुढच्या मिळतात. मी 'अजून वर्ष आहे की' म्हणत बसले आणि दहाव्या महिन्यात जागी झाले. मग चार महिने मुलाला शाळेत सोडायला दोन बस बदलत गेले. तारीख मिळेल ती घेऊन ठेव आणि रोज सकाळी साइट उघडून बघ, रद्द झालेल्या तारखा अधूनमधून दिसतात.

आता गाडीच्या परीक्षेचं सांगते. गाडी चालवता येते म्हणून पास होशील असं समजू नकोस. मी नाशिकला गंगापूर रोडवर रोज चालवत होते तरी पहिल्यांदा नापास झाले. एका गल्लीत डावीकडे वळत होते. तोंडाशी एक आजी खरेदीची चाकांची पिशवी घेऊन फुटपाथच्या कडेला आल्या होत्या. त्यांनी पाय खाली टाकला नव्हता. माझ्या हिशेबाने भरपूर जागा होती, मी पुढून वळवली. शेजारच्या परीक्षकांनी टॅबलेटवर काहीतरी टिपलं, एवढंच. वळणाऱ्या गाडीने रस्ता ओलांडायला थांबलेल्या माणसालाही आधी जाऊ द्यायचं, हे तिथे २०२२ पासून स्पष्ट लिहिलेलं आहे. छोट्या चुका पंधरापर्यंत चालतात, गंभीर एक झाली की संपलं. ६२ पाउंड गेले, आणि पुन्हा रांग.

मला हाताची सवय मोडायला सगळ्यात जड गेलं ते सर्कल. मुंबई नाक्याला आपण काय करतो? बोनेट थोडं पुढे घालतो, समोरचा थांबतो, आपण निघतो. तिकडे उजवीकडून येणाऱ्याचा हक्क पहिला. तो गेल्याशिवाय चाक आत घालायचं नाही, आणि त्याला तुझ्यामुळे ब्रेक लावावा लागला तरी चूक तुझी. हेडलाइटचंही तसंच. आपल्याकडे समोरच्याने अप्पर-डिप्पर दिला की अर्थ 'थांब, मी येतोय'. तिकडे बहुतेक लोक 'तू जा' म्हणायला देतात. पहिल्या आठवड्यात एका अरुंद रस्त्यावर समोरच्याने लाइट दिला म्हणून मी थांबले, माझ्यासाठी तोही थांबलेला. दोघं तसेच उभे, शेवटी त्याने हात हलवून मला बोलावलं.

म्हणून अकरा वर्षांचा अनुभव असला तरी तिथल्या शिकवणाऱ्याचे चार-पाच तास घेच. क्लच-गिअर शिकायला नाही, तर सवयी दुसऱ्याच्या डोळ्यांनी बघायला. माझ्या बाईंनी पहिल्याच तासाला सांगितलं, 'तू आरसा बघतेस, पण इंडिकेटर दिल्यानंतर.' आधी आरसा, मग इंडिकेटर, मग वळण. आणि आरशात न दिसणारी जागा मान वळवून बघायची. परीक्षा साधारण ४० मिनिटांची असते. सुरुवातीला २० मीटरवरची नंबरप्लेट वाचायला लावतात, चष्मा असेल तर घालूनच जा. जवळपास अर्धा वेळ नॅव्हिगेशन किंवा पाट्या बघून स्वतःच चालवायचं असतं. रस्ता चुकला तर घाबरू नकोस, नियम पाळून चुकलास तर गुण जात नाहीत.

ऑटोमॅटिकवर परीक्षा दिलीस तर लायसन्सही फक्त ऑटोमॅटिकचंच मिळतं. तुझा हात गिअरवर बसलेला आहे, मॅन्युअलवरच दे.

आल्याबरोबर गाडी घेऊ नकोस, असं मी म्हणेन. भारतीय लायसन्सवर विमा महाग पडतो आणि विम्याशिवाय गाडी रस्त्यावर आणणं गुन्हा आहे. आधी वेगवेगळ्या कंपन्यांचे विम्याचे भाव काढ, मग गाडीचं ठरव. वेग मैलात असतो हेही लक्षात ठेव. वस्तीतल्या ३० च्या पाटीचा अर्थ ताशी ४८ किलोमीटर.

मुलीला मांडीवर घेऊन बसणं तिकडे नाही. १२ वर्षांची किंवा १३५ सेंटीमीटर उंच होईपर्यंत तिला तिची सीट लागते. ती नाशिकहून नेऊ नकोस, तिथल्या मान्यतेचा शिक्का असलेलीच चालते, तिथेच घे.

बर्मिंगहॅममध्ये कुठल्या भागात घर बघतोयस ते कळव. बस आणि शाळा दोन्ही चालत जाण्याजोगं असेल, तर पहिले सहा महिने गाडीवाचून सहज निघतील.