चित्रात पर्स्पेक्टिव्ह, म्हणजे लांबचं लहान होत जाताना दाखवणं, जमत नाही, काढलेल्या इमारती अंगावर येतात. चाळिशीनंतर हे शिकता येईल का? कोणतं पुस्तक घ्यावं?

वयाचं सोडून द्या. पुस्तकही कुठलंही घ्या, सगळ्यांत तेच खोकं आणि तेच रेल्वेचे रूळ असतात. तुम्ही लिहिलंय की क्षितिजरेषा आखली, लांब जाणाऱ्या रेघा जिथे मिळतात ते दोन बिंदू कागदाच्या दोन टोकांना घेतले, सगळ्या रेघा पट्टीने तिथे नेल्या, तरी आपल्या सोलापूरच्या इंद्रभुवन इमारतीचा कोपरा जहाजाच्या नाळेसारखा पुढे येतो. ते "दोन टोकांना" वाचलं आणि आमचे साडूभाऊ आठवले, म्हणून लिहायला बसलो.

साडूभाऊ म्हणजे इंटरमिजिएटला ए ग्रेड. कुठल्याही लग्नात पहिली पंगत उठायच्या आत हे सगळ्या मांडवाला कळलेलं असतं. मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत चादरीच्या कारखान्यात डिझायनर. आता सगळं कॉम्प्युटरवर गेलं, पण माझी उमेदीची वर्षं ग्राफ, म्हणजे चौकोनी कागदावर नक्षीचे चौकोन, भरण्यात गेली. एक चौकोन म्हणजे ताणा (उभा धागा) आणि बाणा (आडवा धागा) एकमेकांना ओलांडतात ती जागा. चौकोन भरला की कार्डाला भोक, भोक आलं की ताण्याचा धागा वर.

एका खंडेनवमीला पूजा आटोपली होती, मागांना झेंडूच्या माळा, सगळं बंद. एरवी त्या शेडमध्ये शेजारच्याशी ओरडून बोलावं लागतं. मी स्टूल टाकून शेडचं चित्र काढायला घेतलं. दोन्ही बाजूंना मागांच्या रांगा, वर जकार्डचे, म्हणजे कार्डाच्या भोकांप्रमाणे धागे उचलणाऱ्या यंत्राचे, सांगाडे, मधून वाट. साडूभाऊ प्रसादाला आले होते, ते मागे येऊन उभे राहिले. "वन पॉइंट, सगळ्या रेघा एकाच बिंदूत, हे शाळेतली पोरं काढतात. कोपऱ्यात बसा, टू पॉइंट घ्या, दोन बाजूंना दोन बिंदू. क्षितिज मधोमध, आणि दोन्ही बिंदू कागदातच ठेवा, बाहेर गेले की गोंधळ होतो." मोठे साडू, वर मालक शेजारी उभे. केलं तसं. पुढचा माग कागद फाडून बाहेर येतोय असं चित्र झालं. त्यांनी पट्टी लावून बघितली आणि चारचौघांत म्हणाले, "रेघा तर बरोबर आहेत की. पण तुम्ही ग्राफवाले, तुमचा हात चादरीवरच चालणार."

रेघा बरोबर होत्याच. बिंदू चुकीच्या जागी होते आणि ते त्यांनीच तिथे ठेवायला लावले होते. गणित सोपं आहे. इमारतीच्या दोन भिंती एकमेकींशी काटकोनात. तुमच्या डोळ्यापासून त्या दोन भिंतींना समांतर दोन दोरे ताणले तर ते कागदाच्या प्रतलाला जिथे टेकतील ते तुमचे दोन बिंदू. म्हणजे डोळ्यापाशी कायम काटकोन. आणि तसं असेल तर डोळा कागदापासून त्या दोन बिंदूंमधल्या अंतराच्या निम्म्याहून लांब असूच शकत नाही. ए-फोर कागद आडवा धरला तर 29.7 सेंटीमीटर, त्याचं निम्मं 15 सुद्धा भरत नाही. इतक्या जवळ नाक नेऊन एका डोळ्याने बघा, तुमचं इंद्रभुवन सरळ दिसेल. हातभर लांबून, म्हणजे 50 सेंटीमीटरवरून बघायचं असेल तर बिंदूंमध्ये निदान एक मीटर हवा. कागद मोठ्या फळीवर चिकटवा, बिंदूंच्या जागी खिळे ठोका, खिळ्याला दोरा बांधा आणि दोरा ताणून रेघ मारा. गोंधळ काही होत नाही.

आता ग्राफवाल्यांबद्दल. फ्लॉरेन्सच्या लिओन बात्तिस्ता अल्बेर्तीने 1435 साली चित्रकलेवर ग्रंथ लिहिला, पर्स्पेक्टिव्हची रीत लिहून ठेवणारा पहिला माणूस तो. त्याने चित्रकारांना काय वापरायला सांगितलं? कापड! अगदी विरळ विणीचं, त्यात जाड धागे घालून चौकोन पाडलेले. ते चौकटीवर ताणायचं, डोळा आणि वस्तू यांच्यामध्ये उभं करायचं आणि कुठल्या चौकोनात काय दिसतं ते कागदावर उतरवायचं. हे ग्राफ नाही तर काय आहे? आणि आम्हाला तर हेही ठाऊक असतं की ताणा-बाणा सारखा नसेल तर साध्या चौकोनी ग्राफवर काढलेला गोल चादरीत लांबुडका उतरतो, म्हणून तसा वेगळा ग्राफ घ्यावा लागतो. कागदावर वाकडं काढून कापडावर सरळ उतरवणं हेच आमचं पोट. साडूभाऊंना एवढं कुठलं माहीत असायला.

मी चार पट्ट्यांची चौकट ठोकली, इंचाइंचावर बारीक खिळे मारले आणि रिळावरचं काळं सूत आडवं-उभं ताणलं. पुढच्या सुट्टीला ती शेडमध्ये मांडली. वाटेच्या कडा आणि मागांच्या कडा सगळ्या समोरच्या भिंतीवर एकाच जागी धावत होत्या, बरोबर माझ्या बसलेल्या डोळ्याच्या उंचीला. कागदाच्या मधोमध वगैरे काही नाही, क्षितिज डोळ्याबरोबर खाली-वर होतं. जवळच्या मागाला आठ चौकोन उंची, दुप्पट अंतरावरच्याला चार, तिप्पट अंतरावर पावणेतीनलाही थोडी कमी. मी तोवर प्रत्येक माग ठरावीक मापाने लहान करत होतो, तसं नसतं. आधी झपकन लहान होतात, मग हळूहळू.

चित्र दाखवल्यावर साडूभाऊंचं म्हणणं, "ही कॉपी झाली. अशाने नजर येत नाही." जर्मन चित्रकार ड्यूररने 1525 च्या आपल्या भूमितीच्या पुस्तकात दोरा ताणून तंतुवाद्याचं चित्र उतरवणारी माणसं छापलीत. त्याला नजर नव्हती का? यावर ते चहा मागवतात.

चौकटीच्या अडचणी आहेत, त्या सांगतो. डोकं इंचभर हललं की सगळं बिघडतं. हनुवटी टेकायला काठी लागते, एक डोळा मिटावा लागतो. तळ्याच्या काठावर वाऱ्याने ती उभी राहत नाही. कायम वापरली तर हात आळशी होतो, एवढं साडूभाऊंचं कबूल. मोबाईलवर जवळून काढलेल्या फोटोवरून इमारत काढत असाल तर मात्र माझं वरचं काही लागू होणार नाही, कारण फोन वर वळवला की उभ्या रेघाही आत झुकतात. इंद्रभुवनाची नक्षी आत्ता विसरा, आधी साधं खोकं काढा, आणि इमारतीच्या उंचीच्या दीड-दोन पट लांब जाऊन काढा.

जिन्याचंही विचारलंय तुम्ही. आपल्यापासून लांब चढत जाणाऱ्या जिन्याच्या उताराच्या रेघा क्षितिजावर मिळत नाहीत. जिना ज्या भिंतीला समांतर चढतो तिचा जो बिंदू आहे त्याच्या सरळ वर, क्षितिजाच्या वरती मिळतात. तिथे आणखी एक खिळा ठोका. साडूभाऊ हा खिळा अजून मानत नाहीत.