हॅम्बुर्गला जायचंय, पण पुण्यातला त्रास तिथं उलटला तर?

तुझा प्रश्न थोडक्यात असा. तू नाशिकची, वय अठ्ठावीस, हॅम्बुर्गच्या कंपनीची ऑफर हातात आहे, ऑक्टोबरमध्ये रुजू व्हायचंय आणि एकटीनंच जायचंय. इंजिनिअरिंगला पुण्यात हॉस्टेलवर राहायला गेलीस तेव्हा झोप उडाली, जेवण तुटलं, वर्गात बसवेना, आणि डॉक्टरांनी कागदावर 'अ‍ॅडजस्टमेंट डिसऑर्डर' लिहिलं. काही महिन्यांत ते निवळलं. आता तेच परदेशात झालं तर काय करायचं, कंपनीला आधी सांगायचं का, आणि मुळात जावं का, असं तू विचारतेस. आई म्हणते, हे सगळे मनाचे खेळ आहेत.

मी सांगलीची, बरीच वर्षं हॅम्बुर्गमध्ये आहे. इथल्या पहिल्या हिवाळ्यात माझ्याही कागदावर हेच निदान पडलं होतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते. वयानं मोठी आहे म्हणून अगं-तुगं करते, राग मानू नकोस.

आधी मुख्य प्रश्न. जा. हा आजार एखाद्या घटनेला जोडलेला असतो, ही त्याची व्याख्याच आहे. गाव सुटलं, नोकरी गेली, लग्न मोडलं, घरात कुणाला मोठं दुखणं आलं, की त्या धक्क्याशी जुळवून घेताना मन अडकतं. तुझ्या स्वभावात खोट आहे असं त्यातून निघत नाही. एकदा झालंय म्हणून पुन्हा होईलच असं नाही, पण होऊ शकतं असं धरून तयारी करायला हवी. अठराव्या वर्षी काय होतंय हे तुला कळलंही नव्हतं. आता नाव माहीत आहे, सुरुवात कशी होते तेही माहीत आहे. हे फार मोठं भांडवल आहे, खरंच सांगते.

आता एक फरक नीट समजून घे. परक्या देशात सुरुवातीला कुणालाच करमत नाही. विमानतळावर रडू येणं, पहिले काही रविवार खायला उठणं, वरण-भाताच्या वासानं गळा दाटणं, यातलं काहीही आजार नाही. रडण्यावरून अंदाज बांधू नकोस, कामं कुठं अडकतायत ते बघ. जर्मनीतले डॉक्टर अजून आयसीडी-१० ही जागतिक आरोग्य संघटनेची जुनी यादी वापरतात आणि कागदावर एफ-४३.२ असा कोड घालतात. त्यानुसार त्रास घटनेनंतर महिनाभरात सुरू होतो आणि सहसा सहा महिन्यांपलीकडं जात नाही. डीएसएम-५ या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या यादीत सुरुवातीला तीन महिन्यांची मुभा आहे. नव्या आयसीडी-११ मध्ये दोन खुणा ठळक सांगितल्या आहेत. त्या एका गोष्टीभोवती मन सतत घुटमळत राहतं, आणि त्यामुळं रोजचे व्यवहार, काम, नाती कोलमडतात. माझ्या मते या दोन खुणा सगळ्यात उपयोगाच्या आहेत.

माझ्यापुरतं सांगायचं तर माझ्या डोक्यात दिवसभर सांगलीचं घड्याळ चालायचं. हिवाळ्यात भारत साडेचार तास पुढं असतो. पहाटे साडेतीनला जाग यायची, छाती धडधडायची आणि पहिला विचार यायचा की तिकडं आठ वाजले, बाबा पेपर वाचत असतील. मीटिंगमध्ये कुणी आकडे दाखवत असलं तरी मी मनात बेरीज करत असायचे की आता आईची दुपारची झोप झाली असेल, आता देवापाशी दिवा लागला असेल. मॅनेजरनं नाव घेऊन प्रश्न विचारला की दचकायला व्हायचं. मग स्वयंपाक सुटला, नुसत्या ब्रेडवर दिवस निघायला लागले. केस विंचरायचा कंटाळा यायला लागला तेव्हा ऑफिसातली एक सहकारी मला हाताला धरून डॉक्टरकडं घेऊन गेली.

दुसरी खूण मला सोलापूरच्या एका मुलामुळं समजली. जर्मनीत सगळं टपालानं येतं. विम्याचं कार्ड, टॅक्स नंबर, बँकेचा पिन, रेडिओ-टीव्हीचं सक्तीचं शुल्क, घरमालकाची नोटीस. त्याच्या घरी गेले तर चपलांच्या रॅकवर न उघडलेल्या पाकिटांची चळत होती, आणि जी रॅकवर मावत नव्हती ती त्यानं किराण्याच्या पिशवीत कोंबून दाराआड ठेवली होती. दिसायला मुलगा हसतमुख, फोनवर घरच्यांशी मजेत बोलणारा. आम्ही जमिनीवर बसून एकेक पाकीट फोडलं. निम्म्याहून जास्त नुसती माहितीपत्रकं निघाली, पण दोन दंडाच्या नोटिसा होत्या आणि एक विमा कंपनीचं तिसरं स्मरणपत्र. तेव्हापासून नव्यानं आलेल्या कुणालाही मी 'बरं वाटतंय का' विचारत नाही, 'पत्रं उघडतोस का' असं विचारते. तूही स्वतःला आठवड्याला एकदा हेच विचार. पत्रं साचली, आंघोळ टळायला लागली, ऑफिसला न जाण्याची कारणं सुचायला लागली आणि हे दोन आठवडे चाललं, तर 'होईल सवय' म्हणत थांबू नकोस.

आता तारखेबद्दल. शक्य असेल तर ऑक्टोबरऐवजी मार्च-एप्रिलमध्ये रुजू होण्याचं विचारून बघ. हॅम्बुर्ग बरंच उत्तरेला आहे. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात साडेआठनंतर उजाडतं आणि चारच्या सुमाराला सूर्य मावळतो, तोही ढगांआड. ऑफिसात शिरताना अंधार, बाहेर पडताना अंधार. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास मागं जातात, आणि त्या दिवसापासून संध्याकाळ अंगावर आल्यासारखी वाटते. रविवारी दुकानं बंद. नवीन माणसाला घर, कागदपत्रं, भाषा आणि अंधार हे सगळं एकदम झेलावं लागतं. हेच गाव जूनमध्ये बघशील तर रात्री दहाच्या सुमारापर्यंत उजेड असतो, आल्स्टर तळ्याकाठी माणसं गवतावर पसरलेली असतात. ओळखी उन्हाळ्यात पटकन होतात, आणि मग पहिला हिवाळा ओळखीच्या माणसांत जातो. कंपनी तारीख देत नसेल तर ऑक्टोबरला ये, पण निदान पहिले दोन महिने एकटीनं स्टुडिओ घेऊ नकोस. दोन-तीन जण मिळून राहतात तशा घरात खोली घे.

निघण्याआधी नाशिकमध्येच थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-१२ आणि डी जीवनसत्त्व तपासून घे. आपल्याकडं, त्यातून शाकाहारी घरांत, बी-१२ कमी असणं नेहमीचं आहे, आणि त्याचा थकवा मनाच्या त्रासासारखाच दिसतो. पुण्याच्या डॉक्टरांचे जुने कागद शोध आणि आताच्या डॉक्टरांकडून इंग्रजीत एक पत्र घे. सध्या गोळ्या चालू असतील तर औषधाच्या मूळ नावानिशी प्रिस्क्रिप्शन हवं, कारण भारतातली ब्रँडची नावं इथं कुणाला कळत नाहीत. क्लोनाझेपाम, अल्प्राझोलामसारख्या गोळ्या आपल्याकडं सर्रास दिल्या जातात, पण त्या नियंत्रित औषधांत मोडतात. त्या आणताना डॉक्टरांचं रीतसर प्रमाणपत्र लागतं, वकिलातीकडून आधी नियम विचारून घे. आणि नव्या देशाच्या उत्साहात चालू गोळी मनानं बंद करू नकोस.

विम्याचा मुद्दा महत्त्वाचा आहे, कारण तो कुणी सांगत नाही. जर्मनीत सरकारी चौकटीतला आरोग्य विमा (टेका, एओके, बार्मर वगैरे) घेताना पूर्वीचे आजार विचारत नाहीत. खाजगी विमा विचारतो, आणि मानसोपचार घेतले असतील तर जास्त पैसे मागतो किंवा नाकारतो. पगार मोठा असला की एजंट खाजगी विम्यासाठी मागं लागतात. तुझ्यासारखीनं सरळ सरकारी घ्यावा, त्यात मानसोपचारही येतात. कुठल्याही फॉर्मवर आजाराबद्दल विचारलंच तर खोटं लिहू नकोस. पुढं उघडकीला आलं तर विमाच रद्द होतो.

कंपनीला सांगण्याची गरज नाही. पहिले सहा महिने बहुतेक ठिकाणी प्रोबेशन असतं आणि त्या काळात दोन आठवड्यांच्या नोटिशीवर काढता येतं. आजारपणाची रजा लागली तर डॉक्टर कामावरून सुट्टी लिहून देतात. 2023 पासून ती विमा कंपनीमार्फत ऑनलाइन कळते, आणि मालकाला फक्त कधीपासून कधीपर्यंत एवढंच दिसतं, निदान दिसत नाही. नोकरीला चार आठवडे झाले की सहा आठवड्यांपर्यंतचा आजारपणाचा पगार कंपनीलाच द्यावा लागतो. एखाद्या जवळच्या सहकाऱ्याला मात्र पुढंमागं विश्वासात घे. माझ्या बाबतीत तेच कामाला आलं.

आल्या आल्या, तब्येत ठणठणीत असतानाच, घराजवळचे फॅमिली डॉक्टर धरून ठेव. त्यांना 'हाउसआर्झ्ट' म्हणतात. नवे पेशंट घेणारा दवाखाना मिळायला वेळ लागतो, आणि मन थकलेलं असताना दहा ठिकाणी फोन करण्याची ताकद उरत नाही. मानसोपचारासाठी थेट थेरपिस्टकडंही जाता येतं. पहिली पायरी म्हणजे प्राथमिक भेट, 'श्प्रेखश्टुंडे'. ती मिळत नसेल तर ११६११७ या नंबरवर फोन करायचा, ते भेट ठरवून देतात. भाषेची अडचण असेल तर जर्मन येणाऱ्या कुणाला तरी शेजारी बसवून घे. त्या भेटीनंतर तातडीची गरज वाटली तर पंचवीस मिनिटांच्या चोवीस बैठकांपर्यंत 'आकुटबेहांडलुंग', म्हणजे तातडीची थेरपी, मिळते, आणि तिला विमा कंपनीच्या आगाऊ मंजुरीची वाट बघावी लागत नाही. नेहमीच्या थेरपीसाठी मात्र कित्येक महिने रांग असते. म्हणून म्हणते, लवकर नाव लाव. मधल्या काळात भारतातल्या मराठी समुपदेशकाशी ऑनलाइन बोलायची सोय करून ये. रडताना इंग्रजी वाक्यं जुळवत बसणं फार अवघड जातं.

या आजारावर मुख्य उपचार बोलण्याचाच. झोपेसाठी किंवा फार घबराट असेल तर डॉक्टर थोडे दिवस गोळी देतात. माझ्या थेरपिस्टनं पहिल्या भेटीत भावनांबद्दल फार विचारलं नाही, दिवसाचं वेळापत्रक काढायला लावलं. सकाळी उजाडल्यावर अर्धा तास बाहेर चालायचं, पाऊस असला तरी. एक गरम जेवण स्वतः रांधायचं. घरी फोन दिवसातून एकदा, ठरल्या वेळी. हे शेवटचं मला सगळ्यात जड गेलं आणि सगळ्यात लागूही पडलं. दिवसभर व्हॉट्सअ‍ॅपवर घरचं स्वयंपाकघर बघत राहिलं की ना धड तिथं असतो ना इथं. ठरल्या वेळेचा फोन मात्र निवांत होतो, आईलाही काय काय सांगायचं ते साठवून ठेवता येतं.

हॅम्बुर्गच्या सार्वजनिक वाचनालयांत, म्हणजे ब्यूखरहालनमध्ये, 'डायलॉग इन डॉइच' नावाचे गप्पांचे गट चालतात. फुकट असतात, नाव नोंदवावं लागत नाही, नुसतं जाऊन बसायचं. निवृत्त जर्मन आजी-आजोबा गट चालवतात, सीरिया, इराण, युक्रेनची माणसं असतात, आणि सगळेच चुकत चुकत बोलतात. मला वाटतं माझ्या बरं होण्यात त्या टेबलाचा वाटा औषधाइतका आहे. हाउप्टबानहोफ, म्हणजे मुख्य रेल्वे स्टेशनच्या मागं श्टाइनडाम रस्त्यावर तूरडाळ, कढीपत्ता, गव्हाचं पीठ मिळतं. शनिवारी तिथं एक फेरी मार. मराठी मंडळींत जरूर जा, गणपतीला, दिवाळीला जा, पण ओळखी फक्त तेवढ्याच ठेवू नकोस. सगळ्यांच्याच गप्पा 'तिकडं कसं छान होतं' याच्याभोवती फिरायला लागल्या की आधीच अडकलेलं मन आणखी रुततं.

परतीच्या तिकिटाचे पैसे वेगळे काढून ठेव आणि त्यांना हात लावू नकोस. वापरायचे नसतात, पण आपण कोंडलेले नाही हे रात्री तीन वाजता माहीत असावं लागतं. सहा महिने उलटूनही उतार पडला नाही, कशातच रस उरला नाही, तर ते नैराश्य असू शकतं आणि त्याचे उपचार वेगळे आहेत. डॉक्टरांना पुन्हा तपासायला लाव. आणि या निदानाला 'किरकोळ' समजणाऱ्यांचं ऐकू नकोस. यातही जीव नकोसा होण्याचे विचार येतात. तसं झालं तर त्याच क्षणी ११२ या आणीबाणीच्या नंबरवर फोन कर. नुसतं बोलायला कुणी हवं असेल तर 'टेलिफोनझेलझोर्ग'चा ०८०० १११ ०१११ हा नंबर चोवीस तास आणि मोफत आहे. दोन्ही नंबर आताच फोनमध्ये टाक.

आईबद्दल. 'मनाचे खेळ' म्हणणाऱ्या बहुतेक आया आतून घाबरलेल्या असतात. तिला निघण्याआधी एकदा तुझ्या डॉक्टरांसमोर बसव. तू वाईट दिवसांत काय करणार, कुणाला फोन करणार, हे तिनं त्यांच्या तोंडून ऐकलं की तिचा जीव थोडा भांड्यात पडेल. तू गेल्यावर तिलाही त्रास होईल, घर तिचंही रिकामं होणार आहे. केंद्र सरकारच्या टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ नंबर तिच्यासाठी लिहून ठेव, तिथं मराठीतून बोलता येतं.

तारीख पुढं ढकलण्याचं आधी एचआरला विचार. 'कौटुंबिक कारण' एवढं पुरतं. त्यांचं काय उत्तर येतं ते कळव, म्हणजे खोली कुठल्या भागात शोधायची ते सांगते.