घाणा कधीचा आहे? फ्राइड चिकनच्या दुकानाबद्दल वाचकांचे प्रश्न

एकाच दुकानातलं चिकन एकदा खणखणीत कुरकुरीत लागतं आणि पुढच्या वेळी सादळलेल्या पापडासारखं. पीठ तेच, मसाला तोच. मग फरक कशाने पडतो? (वाचक, पुणे)

घड्याळाने. फ्रायरमधून निघालेलं चिकन जाळीवर निथळतं आणि तिथून गरम कपाटात जातं. तुमची ऑर्डर बहुतेक वेळा या कपाटातून भरली जाते, कढईतून नाही. कपाट साठ अंशांच्या बरंच वर ठेवावं लागतं, म्हणजे जंतू वाढत नाहीत. पण मांसातलं पाणी आत थांबत नाही. ते हळूहळू बाहेर सरकतं आणि कोरडं कवच ते शोषून घेतं. कपाटात दमटपणा जास्त झाला की कवच मऊ पडतं, कमी झाला की मांस वातड होतं आणि कडा दगडासारख्या होतात. हाडाचे तुकडे तास-दीड तास बरे राहतात, बोनलेस त्याच्या निम्मा वेळही नाही, आणि फ्राइज तर पाच-सात मिनिटांत मान टाकतात. म्हणून प्रत्येक ट्रेला टायमर असतो. तो वाजला की ट्रे रिकामा करायचा हा नियम. गिऱ्हाईक कमी असताना तोच टायमर पुन्हा शून्यावर आणायचा मोह होतो आणि तिथे सगळं बिघडतं.

यावरचा उपाय जरा उलटा वाटेल: गर्दीच्या वेळी जा. दुपारी एक ते दोन आणि रात्री आठ ते नऊ या वेळांत घाण्यामागून घाणा निघत असतो. दुपारचे चार आणि बंद व्हायच्या आधीचा अर्धा तास टाळा. काउंटरवर ‘ताजं आहे ना?’ असं विचारू नका, त्याचं उत्तर जगात सगळीकडे ‘हो’ असंच येतं. ‘पुढचा घाणा कधी निघतोय?’ असं विचारा. बारा-पंधरा मिनिटं थांबावं लागेल असं उत्तर आलं तर कपाळाला आठ्या घालू नका. हाडाचा तुकडा आतपर्यंत शिजायला तेवढाच वेळ लागतो.

आणखी एक गोष्ट. मेन्यूवर सहसा दोन जाती असतात आणि त्या वेगळ्या यंत्रांत तळल्या जातात. एक उघड्या फ्रायरमधली, जाड पापुद्र्यांची आणि कुरकुरीत. दुसरी प्रेशर फ्रायरमधली, पातळ कवचाची, मऊ आणि आतून रसरशीत. अमेरिकेत केंटकीतल्या कॉर्बिन गावी हार्लंड सँडर्स यांनी १९३९च्या सुमारास प्रेशर कुकर तळणीला लावला तो वेळ वाचवण्यासाठी. तव्यावर तळायला अर्धा तास लागे आणि वाटेवरचं गिऱ्हाईक तेवढं थांबत नसे. आजच्या प्रेशर फ्रायरमध्ये हवेच्या दाबापेक्षा दर चौरस इंचाला साधारण १२ पौंड जास्त दाब असतो. त्या दाबाखाली पाणी १०० ऐवजी ११७-११८ अंशांना उकळतं, म्हणून रस कमी उडतो आणि मांस लवकर शिजतं. पण कोंडलेली वाफ कवचाला कडक होऊ देत नाही. तेव्हा दुसऱ्या जातीचं चिकन घेऊन ‘कुरकुरीत नाही’ अशी तक्रार करण्यात अर्थ नाही.

लेग पीसच्या हाडाजवळ मांस गुलाबी, जवळजवळ लाल होतं. काउंटरवरच्या मुलाने ‘असंच असतं’ म्हणून हात झटकले. ते कच्चं होतं का? (वाचक, नाशिक)

मुलगा बरोबर असू शकतो, पण त्याने हात झटकण्याऐवजी तपासून दाखवायला हवं होतं.

ब्रॉयलर कोंबडी पाच-सहा आठवड्यांची असते. तिची हाडं अजून सच्छिद्र असतात. चिकन गोठवलं की हाडातल्या मगजात बर्फाचे कण होतात, ते वितळताना मगजाचा लाल रंग बाहेर झिरपतो आणि शिजताना हाडाभोवती काळपट-लाल कडं उमटतं. मांस पूर्ण शिजलं तरी हा रंग जात नाही. म्हणून रंगावर निकाल देऊ नका, पोत बघा.

तुकडा हाडाच्या बाजूने उघडा. शिजलेलं मांस अपारदर्शक दिसतं, बोटाने ओढलं तर धागे सुटतात आणि हाडावरून सहज निघतं. कच्चट मांस काचेसारखं चमकतं, दाबलं तर रबरासारखं परत येतं, हाडाला चिकटून राहतं आणि बोटाला बुळबुळीत लागतं. सांध्यापाशी थायचा जो जाड भाग असतो तिथे आधी बघा, कारण उष्णता तिथे सगळ्यात शेवटी पोचते. नुसतं लाल कडं असेल आणि बाकी पोत ठीक असेल तर खायला हरकत नाही. चमक आणि बुळबुळीतपणा दिसला तर तिथेच थांबा.

शंका राहिली तर मॅनेजरला सांगा, ‘थर्मामीटर लावून दाखवा.’ सुईचा थर्मामीटर अशा स्वयंपाकघरात असतोच. सुई सर्वांत जाड भागात खुपसायची, हाडाला टेकू द्यायची नाही. तळून बाहेर येताना आतलं तापमान ७४ अंशांपर्यंत गेलेलं असायला हवं. टेबलावर येईपर्यंत ते उतरतं, म्हणून तुमच्या थंड झालेल्या तुकड्याऐवजी त्याच घाण्यातला कपाटातला दुसरा तुकडा मोजायला सांगा आणि त्याचा पोतही उघडून बघा.

कच्चं का राहतं? तीन कारणं नेहमीची. तुकडे अर्धवट वितळलेले असताना तळणीत जातात, तेव्हा कवच तांबूस होतं आणि गाभा थंडच राहतो. गर्दीत फ्रायरमध्ये मापापेक्षा जास्त तुकडे टाकले जातात, तेल एकदम थंड पडतं आणि टायमर मात्र नेहमीच्याच वेळी वाजतो. किंवा मोठ्या कोंबडीचे तुकडे लहानांबरोबर एकाच वेळी काढले जातात. तिन्हींत वरून सगळं छानच दिसतं, हीच अडचण.

पार्सल घरी येईपर्यंत चिकन ओलसर होतं. दुसऱ्या दिवशी मायक्रोवेव्हमध्ये तर लगदाच होतो. (वाचक, ठाणे)

डब्यात कोंडलेली वाफ झाकणाला थंड होते आणि थेंबांनी परत चिकनवर पडते. डब्याला भोकं असतात ती यासाठीच. पार्सलवाल्याने ती स्टिकरने बंद केली नाहीत ना, एवढं बघा. स्वतः आणत असाल तर डब्याचं झाकण बोटभर उघडं ठेवा आणि कोलस्लॉ, थंड पेय वेगळ्या पिशवीत घ्या. घरी आल्यावर तुकडे ताटात एकावर एक रचू नका, जाळीवर पसरा.

परत गरम करायचं तर ओव्हन १८० अंशांवर, खाली जाळी, बारा ते पंधरा मिनिटं. एअर फ्रायरमध्ये १८० वरच सहा-आठ मिनिटं पुरतात. दोन्ही नसेल तर जाड तवा मंद आचेवर ठेवा, त्यावर जाळी किंवा स्टीलचं स्टँड, वर तुकडे आणि तिरकं झाकण. बारा-तेरा मिनिटं, मध्ये एकदा उलटून. तेल घालायचं नाही, कवचात आहे ते पुरतं. मायक्रोवेव्ह आतलं पाणी तापवून वाफ बाहेर ढकलतो, म्हणून लगदा होतो.

दोन तासांपेक्षा जास्त बाहेर राहिलेलं चिकन फ्रीजमध्ये टाकून वाचत नाही. ३२ अंशांच्या वरच्या उन्हाळ्यात ही मुदत एक तासाची समजा. गरम करताना आतपर्यंत वाफ यायला हवी, आणि एकदाच.

बकेट घेतलं तर त्यात विंगच जास्त. ही फसवणूक नाही का? (वाचक, सांगली)

फसवणूक म्हणता येणार नाही, पण तुमचा राग समजतो. एका कोंबडीचे आठ तुकडे केले तर दोन लेग, दोन थाय, दोन ब्रेस्ट आणि दोन विंग निघतात. नऊ केले तर छातीचे दोनाऐवजी तीन होतात, मधल्या कुर्चेचा तुकडा वेगळा. म्हणजे सगळ्यांना लेग द्यायचे तर बाकीची कोंबडी खाणार कोण? बकेटमध्ये सरमिसळ देतात ती यामुळे. मात्र चार-पाच तुकड्यांत तीन विंग आले तर ती सरमिसळ नव्हे, कपाटात उरलेल्याची विल्हेवाट आहे. बिल व्हायच्या आधी सांगा: ‘निदान एक लेग, एक थाय.’ बहुतेक ठिकाणी ऐकतात. ऑफरच्या दिवशी ऐकत नाहीत आणि तसं बारीक अक्षरात लिहिलेलंही असतं. विंगला मांस कमी पण कवच जास्त, तेव्हा कुरकुरीतपणाच्या शौकिनाला तोटा नाही.

घरातले दोघे श्रावण पाळतात. आम्ही चिकन खाताना त्यांनी तिथले फ्राइज खाल्ले तर चालतील का? तेल तेच असतं का? (वाचक, सातारा)

आपल्याकडे मोठ्या साखळ्यांत शाकाहारी पदार्थांचा फ्रायर सहसा वेगळा असतो. छोट्या दुकानांत एकाच कढईत सगळं चालतं. त्यामुळे ‘व्हेज आहे ना?’ एवढ्यावर थांबू नका. चार गोष्टी विचारा: फ्रायर वेगळा का, तारेची टोपली वेगळी का, चिमटा वेगळा का, आणि गाळताना दोन्ही तेलं एकाच गाळणीतून जातात का. चौथ्या प्रश्नाला काउंटरवर उत्तर येत नाही, आतून मागवावं लागतं. ते येईपर्यंत उभे राहा.

मेयोनेझ विसरू नका. अंडं घातलेलं मेयोनेझ आपल्या कायद्याने मांसाहारीच. पाकिटावर हिरवं वर्तुळ आहे की तपकिरी त्रिकोण, ते दाखवायला सांगा. तरी स्पष्टच सांगायचं तर, ज्यांना श्रावण कडक पाळायचा आहे त्यांच्यासाठी ही जागा नाही. पिठाचा धुरळा स्वयंपाकघरभर उडत असतो. गटारीला सगळ्यांनी मिळून जा, श्रावणात त्यांना दुसरीकडे न्या.

कवचावर काळे ठिपके आणि खाल्ल्यावर घशाशी खवट चव. तेल जुनं होतं हे कसं ओळखायचं? (वाचक, छत्रपती संभाजीनगर)

दोन वेगळी लक्षणं आहेत. काळे ठिपके म्हणजे आधीच्या घाण्यांतला पिठाचा चुरा तळाशी जळून वर आलेला. तेल गाळलं नाही, एवढाच अर्थ. काळ्या मिरीचे कण मात्र यात धरू नका. ते कवचाच्या आत असतात, जळका चुरा वर चिकटलेला असतो.

खवट चव जास्त गंभीर. पाणी, हवा, उष्णता आणि पीठ मिळून तेल तोडतात. तुटलेलं तेल घट्ट होतं, फेसाळतं, कमी तापमानाला धुरावतं आणि तुकड्यात जास्त शिरतं. गिऱ्हाइकाला दिसणाऱ्या खुणा अशा: बाहेरून गडद तपकिरी पण आतून फिकं, बोटांना चिकट लागणारा आणि कागदाने पुसून न जाणारा तेलकटपणा, टाळ्याला बसणारा थर. ताजं तेलही बोटांना लागतं, पण पुसलं की जातं.

एफएसएसएआय या देशाच्या अन्नसुरक्षा संस्थेच्या नियमानुसार १ जुलै २०१८ पासून तळणीच्या तेलात एकूण ध्रुवीय संयुगं, म्हणजे तेल तुटून तयार होणारे घटक, २५ टक्क्यांवर गेली की ते तेल वापरायचं नाही. रोज ५० लिटरपेक्षा जास्त तेल वापरणाऱ्यांना त्याची नोंद ठेवावी लागते. ‘तेलाची नोंदवही दाखवा’ असं विचारण्यात गैर काही नाही. दाखवतील न दाखवतील, पण विचारणारं गिऱ्हाईक आहे हे कळल्यावर तेल लवकर बदलतं.

स्क्रीनवर ऑर्डर दिली तर बिलात पाच रुपये देणगी आपोआप जोडलेली. हे चालतं का? (वाचक, नवी मुंबई)

नाही. तुम्ही न निवडलेली वस्तू किंवा देणगी बिलात घुसवणं हे ३० नोव्हेंबर २०२३च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार ‘डार्क पॅटर्न’मध्ये, म्हणजे ग्राहकाला गाफील ठेवणाऱ्या स्क्रीनवरच्या युक्त्यांमध्ये मोडतं. पैसे भरण्याआधी शेवटची यादी वरून खाली वाचा, खूण काढा. भरले असतील तर काउंटरवर परत मागा. बाकी बिलावर सहसा ५ टक्के जीएसटी असतो, अडीच-अडीच असा विभागलेला. सर्व्हिस चार्ज सक्तीने लावता येत नाही.

खराब चिकन आलं तर तक्रार नेमकी कशी करायची? दुकानात भांडण होतं आणि हाती काही लागत नाही. (वाचक, कोल्हापूर)

भांडण होतं कारण तोवर तीन तुकडे संपलेले असतात. पहिल्या घासाला शंका आली की थांबा. उघडलेला तुकडा, बिल आणि डबा एका फोटोत घ्या. काउंटरवरच्या मुलाशी वाद घालू नका, त्याच्या हातात काही नसतं. शिफ्ट मॅनेजरला बोलवा. काय झालं ते एका वाक्यात आणि काय हवं ते दुसऱ्यात: ‘थायचा आतला भाग कच्चा आहे. नव्या घाण्यातला तुकडा द्या.’ कच्चं असेल तर नवीन तुकडा मागा, वास येत असेल तर पैसे परत मागा. वासाचं चिकन एकाच तुकड्यापुरतं नसतं, त्या मालातलं दुसरं घेऊन काय करणार?

तिथे दाद लागली नाही तर बिलावरचा १४ आकडी एफएसएसएआय क्रमांक उपयोगी पडतो. तो बिलावर छापणं बंधनकारक आहे. ‘फूड सेफ्टी कनेक्ट’ ॲपवर तक्रार करताना तो टाका, म्हणजे तक्रार नेमक्या शाखेवर जाते. पैशांच्या तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. जिल्हा ग्राहक आयोगात दिलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही, पण एका बकेटसाठी तिथवर जाण्याआधी १९१५ला फोन करून बघा.

पोट बिघडलं तर आधी डॉक्टर, आणि त्यांच्या चिठ्ठीवर तारीख व लक्षणं लिहून घ्या. उरलेलं चिकन टाकू नका, बंद पिशवीत फ्रीजमध्ये ठेवा. कच्च्या कोंबडीतल्या जंतूंचा त्रास काही वेळा दोन-तीन दिवसांनीही सुरू होतो, त्यामुळे शेवटचं जेवण तेच दोषी असं गृहीत धरू नका.

घरच्या प्रेशर कुकरमध्ये तेल घालून प्रेशर फ्रायरसारखं चिकन करता येईल का? (वाचक, नागपूर)

अजिबात नाही. घरचा कुकर पाण्याच्या वाफेसाठी बनवलेला आहे. १७० अंशांच्या तेलात रबरी रिंग मऊ पडते, शिट्टीतून वाफेऐवजी उकळतं तेल उडतं, खाली गॅसची ज्योत असते. कढईच घ्या, तेल १७० अंशांवर, एका वेळी तीन-चारच तुकडे, चौदा-पंधरा मिनिटं.