वाचकांचे प्रश्न : साउंड कार्ड घेताना आउटपुट मोजा

प्रश्न : घरी आवाज आणि हार्मोनियम रेकॉर्ड करतो, शिवाय कार्यक्रमांत लॅपटॉपवरून डीजेही करतो. दोन्हीसाठी एकच एक्स्टर्नल साउंड कार्ड घ्यायचं आहे. दुकानदार टू-इन टू-आउट (दोन इनपुट, दोन आउटपुट) पुरेल म्हणतो. पुरेल का? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : रेकॉर्डिंगला पुरेल, डीजेला नाही. डीजे करताना एक गाणं स्पीकरवर वाजत असतं आणि त्याच वेळी पुढचं गाणं हेडफोनवर ऐकून जुळवायचं असतं. म्हणजे एकमेकांपासून स्वतंत्र अशा दोन स्टीरिओ जोड्या, एकूण ४ आउटपुट लागतात. फोकसराइट स्कारलेट २आय२ हे टू-इन टू-आउट कार्ड घरच्या रेकॉर्डिंगसाठी उत्तम, पण त्याच्या हेडफोनमध्ये १-२ या आउटपुटचाच आवाज येतो. स्पीकरवर जे वाजतं तेच कानात. पुढचं गाणं गुपचूप ऐकायची सोयच नाही.

तेव्हा खोक्यावरचा आकडा न बघता मॅन्युअल उघडा आणि हेडफोनला ३-४ चॅनल मिळतात का, ते तपासा. काही कंपन्या डिजिटल आउटपुटही त्या आकड्यात धरतात. नेटिव्ह इन्स्ट्रुमेंट्सच्या कॉम्प्लीट ऑडिओ ६ या कार्डावर हेडफोनसाठी १-२ की ३-४ हे निवडायचं बटणच आहे; तुमच्या दुहेरी कामाला अशी रचना हवी. स्वस्तातल्या ‘७.१’ यूएसबी डोंगलच्या मोहात पडू नका. त्यांतले बरेच आतून नुसते स्टीरिओ असतात, बाकीचे चॅनल सॉफ्टवेअरनं भासवलेले.

कार्ड आलं की डीजे सॉफ्टवेअरमध्ये मास्टरला (स्पीकरवर जाणाऱ्या मुख्य आवाजाला) १-२ आणि हेडफोनला ३-४ द्या. मिक्स्स या मोफत सॉफ्टवेअरमध्ये हे साउंड हार्डवेअरच्या पानावर होतं. व्हर्च्युअल डीजेलाही साधं साउंड कार्ड चालतं. सेराटो डीजे प्रोला मात्र त्यांच्या यादीतलंच हार्डवेअर लागतं, म्हणून सॉफ्टवेअर आधी ठरवा, कार्ड नंतर.

इनपुटचं म्हणाल, तर आवाज आणि हार्मोनियम एकाच वेळी घ्यायचे असल्यास २ माइक प्रीॲम्प (माइकचा क्षीण आवाज वाढवणारे इनपुट) हवेत. कंडेन्सर माइक असेल तर ४८ व्होल्टचा फँटम पॉवर, म्हणजे केबलमधून माइकला मिळणारी वीज, हवाच. रेकॉर्डिंग २४ बिटवर ठेवा आणि सर्वांत चढा स्वर −१२ डीबीच्या आसपास राहील इतकाच गेन द्या. शून्यापर्यंत, म्हणजे कमाल पातळीपर्यंत, ताणण्यात काही फायदा नाही, फाटलेला आवाज पुन्हा शिवता येत नाही. आणि यूएसबी २.० म्हणजे जुनं, असं समजू नका. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटचा एक चॅनल सेकंदाला जेमतेम १.१५ मेगाबिट घेतो आणि यूएसबी २.० ची क्षमता ४८० मेगाबिटची आहे.

प्रश्न : माझ्याकडे पायोनिअर डीडीजे-एफएलएक्स४ हा डीजे कंट्रोलर आहे. वेगळं साउंड कार्ड लागेल का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : डीजेसाठी नाही. त्यातच साउंड कार्ड आहे, मास्टर आणि हेडफोन वेगळे मिळतात. पण त्याच्या माइक इनपुटवर कंडेन्सर माइक चालणार नाही. गाणं रेकॉर्ड करायचं असेल तर टू-इन टू-आउट कार्ड घ्या. इथे ते खरंच पुरतं.

प्रश्न : गाताना माझाच आवाज हेडफोनमध्ये मागून येतो. बफर कमी केला की कटकट आवाज येतात. (एक वाचक, ठाणे)

उत्तर : बफर म्हणजे लॅपटॉप एका वेळी साठवून हाताळतो तेवढा आवाजाचा तुकडा. ४४.१ किलोहर्ट्झवर १०२४ सॅम्पलचा बफर म्हणजे २३ मिलिसेकंद, १२८ चा म्हणजे सुमारे ३. आवाज आत येताना आणि बाहेर जाताना असा दोनदा हा वेळ जातो, वर कार्डाचा स्वतःचा थोडा. १०२४ वर गाणं अशक्यच. विंडोजवर कार्डाच्या कंपनीचा एएसआयओ ड्रायव्हर (आवाजाचा उशीर कमी करणारा) टाका. असिओफॉरऑल हा कुठल्याही कार्डाला चालणारा ड्रायव्हर नाइलाजाचा पर्याय. मॅकला वेगळ्या एएसआयओची गरज नसते.

कटकट येते, कारण ठरलेल्या वेळात प्रोसेसरचं काम उरकत नाही. रेकॉर्डिंगपुरतं वाय-फाय बंद, पॉवर प्लॅन हाय परफॉर्मन्सवर, कार्ड हबमध्ये न लावता थेट लॅपटॉपला, आणि जड प्लगइन (इफेक्टची जोड-सॉफ्टवेअर) तात्पुरते बंद करून बघा. गाताना १२८, मिक्सिंगला ५१२ किंवा १०२४. सर्वांत सोपा मार्ग म्हणजे कार्डावरचं डायरेक्ट मॉनिटर बटण: आवाज लॅपटॉपमध्ये न जाता थेट हेडफोनला येतो. ते चालू केल्यावर सॉफ्टवेअरमधलं मॉनिटरिंग बंद करा, नाहीतर आवाज दोनदा ऐकू येईल.

प्रश्न : मंडपात हेडफोन जॅकमधून मिक्सरच्या एक्सएलआरला (तीन पिनांच्या माइक इनपुटला) जोडलं, तर संगीत येतं पण गायकाचा आवाज जवळजवळ गायब. चार्जर लावला की घूंऽऽ असा आवाजही येतो. (एक वाचक, सांगली)

उत्तर : हे दोन वेगळे दोष आहेत. हेडफोन जॅकमध्ये डावा आणि उजवा असे दोन आवाज असतात. एक्सएलआरसारखं बॅलन्स्ड इनपुट त्यांना एकाच आवाजाच्या सुलट-उलट प्रती समजून एकातून दुसरा वजा करतं. गायक, बेस आणि किक दोन्हीकडे सारखेच असतात, म्हणून तेच कापले जातात. हेडफोन जॅक वापरू नका. साउंड कार्डाच्या १ आणि २ आउटपुटमधून दोन स्वतंत्र टीआरएस (तीन संपर्कांचा जाड जॅक) ते एक्सएलआर केबल मिक्सरच्या दोन चॅनलना न्या. मागचा स्पीकर सेट मोनो असेल तर दोन्ही चॅनलचे पॅन (डावी-उजवी बाजू ठरवणारे नॉब) मध्यावर ठेवा.

घरघर चार्जरच्या अर्थिंगमुळे. लॅपटॉप आणि मिक्सर वेगवेगळ्या ठिकाणी अर्थ झाले की केबलच्या शिल्डमधून करंट फिरतो. चार्जर काढल्यावर घरघर थांबली तर कारण पक्कं झालं. दोघांची वीज एकाच बोर्डवरून घ्या. बॅलन्स्ड केबलनं बहुतेक वेळा भागतं, नाहीतर लॅपटॉप आणि मिक्सरच्या मधे ट्रान्सफॉर्मर असलेले दोन पॅसिव्ह डीआय बॉक्स लावा आणि त्यांचा ग्राउंड लिफ्ट (केबलच्या शिल्डची जोडणी तोडणारं बटण) चालू करा. प्लगची अर्थ पिन मात्र कधीही काढू नका. पावसाळ्यातल्या ओल्या मंडपात ती पिन माइक धरणाऱ्याचा जीव वाचवते.