सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात राहून एम.ए. करण्याचा अनुभव कसा असतो?

गणेशखिंडीतील हे आवार चारशे एकरांहून मोठे असल्यामुळे वसतिगृहातून विभागात आणि विभागातून भोजनगृहात जाण्यातच सुरुवातीचे दिवस संपतात. जुनी का होईना, पण सायकल जवळ असावी. मुंबईच्या गव्हर्नरांचे पावसाळी निवासस्थान असलेली वास्तू १९४९ साली स्थापन झालेल्या या विद्यापीठाची मुख्य इमारत बनली, मात्र विद्यार्थ्यांचा दिवस जातो तो पहिले कुलगुरू मुकुंदराव जयकर यांचे नाव असलेल्या ग्रंथालयात. तिथल्या अभ्यासिकेत सकाळीच टेबलावर पाण्याची बाटली आणि वह्यांचा गठ्ठा ठेवून जागा धरली जाते. शेजारी बसलेली बहुतेक मुले स्पर्धा परीक्षांची तयारी करत असतात आणि ते पाहून आपला विषय बाजूला टाकण्याचा मोह होतो. तो कटाक्षाने टाळावा, कारण लहान वर्गात प्राध्यापकांशी होणारी चर्चा आणि ग्रंथालयातील जुने संदर्भग्रंथ पुढे सहजासहजी मिळत नाहीत.

वसतिगृहातील जागा मर्यादित असतात, म्हणून प्रवेश निश्चित होताच अर्ज करावा. औंध किंवा शिवाजीनगर भागातील खोलीचे भाडे मराठवाडा-विदर्भातून येणाऱ्या सामान्य कुटुंबाला जड जाते. अशांसाठी ‘कमवा आणि शिका’ योजना मोठा आधार आहे. विभाग, ग्रंथालय किंवा बागेत काही तास काम करून त्याचे मानधन मिळते, मेसचा बराचसा खर्च निघतो आणि वेगवेगळ्या जिल्ह्यांतल्या मुलांशी जी मैत्री जुळते, ती वर्गात क्वचितच जुळते.