तुझी शब्दांची वही

प्रिय मुली,

तुझी वही मिळाली. जगभरातले ‘अनुवाद न होणारे’ चाळीस शब्द आणि प्रत्येकाखाली दोन ओळींचा मराठी अर्थ. अर्थ लिहिता आला, मग अनुवाद झाला नाही कसा? एका शब्दाला एक शब्द सापडला नाही, एवढंच. तसं पाहिलं तर आपले डोहाळे, उष्टं आणि माहेरही त्या यादीत जातील.

काही ठिकाणी समासात पेन्सिलीनं लिहिलं आहे. पोर्तुगीज ‘सौदाद’खाली तू ‘परत न येणाऱ्याची गोड व्याकुळता’ लिहिलंस. फाडोच्या, म्हणजे तिथल्या विरहगीतांच्या गाण्यात चालेलही. पण लिस्बनमधली आई परगावच्या मुलाला फोनवर ‘सौदाद’ आहे म्हणते, तेव्हा ती एवढंच म्हणते, तुझी आठवण येते रे. तिथे व्याकुळता घातलीस तर आईची नटी होईल. भेट झाली की हेच लोक सौदाद ‘मारतात’. मराठीत मारून चालणार नाही, ‘डोळे भरून पाहिलं’ म्हणावं लागेल.

जपानी ‘त्सुंदोकु’ म्हणजे पुस्तकं आणून न वाचता रचून ठेवणं (माझ्या घरी येऊन गेलीस, जास्त सांगत नाही). अर्थ सहज उतरतो, कोटी उतरत नाही. ‘त्सुंदे ओकु’ म्हणजे रचून ठेवणं. त्यातला ‘ओकु’ काढून मेइजी काळातल्या (१८६८ ते १९१२) जपान्यांनी वाचनाचा ‘दोकु’ चिकटवला. तुझ्या टिपेत ही गंमतच नव्हती.

‘मामिह्लापिनातापाई’ला तू तीन चांदण्या दिल्यास. हवं दोघांनाही आहे, पण सुरुवात दुसऱ्यानं करावी म्हणून दोघं एकमेकांकडे बघत बसतात, ती नजर. पण तो शब्द कसा घडला ते पाहा. दक्षिण अमेरिकेच्या दक्षिण टोकाच्या यागान भाषेत काय करावं ते न सुचण्याचा एक धातू आहे. त्याला पुढून-मागून प्रत्यय लागून ‘एकमेकांना’ आणि ‘दोघंच’ हे अर्थ येतात. संस्कृतचं द्विवचन आठव. ही भाषा जन्मापासून बोलणाऱ्या शेवटच्या क्रिस्तिना काल्देरोन फेब्रुवारी २०२२ मध्ये चिलीत वारल्या. इंग्रज मिशनरी थॉमस ब्रिजेस यांनी एकोणिसाव्या शतकात जमवलेल्या यागान कोशात सुमारे ३२,००० शब्द आहेत. जगाला त्यातला एकच ठाऊक, तोही वस्तुसंग्रहालयातल्या टाचणी टोचलेल्या फुलपाखरासारखा.

आता मुद्द्याचं. तू मराठीत आणते आहेस त्या इंग्रजी कथेच्या अनुवादाचं पहिलं पान मी वाचलं. पहिल्याच ओळीत बायको नवऱ्याला ‘वी आर लीव्हिंग’ म्हणते आणि तू बेधडक ‘आपण निघतोय’ लिहिलंस. ती त्याला सोडून मुलांना घेऊन चालली असेल तर? मग ‘आम्ही’. इंग्रजीला हे सांगावं लागत नाही, मराठीला सांगितल्याशिवाय तोंड उघडता येत नाही. तमिळमध्ये आणि मलयमध्येही हीच अडचण येईल. भाषाशास्त्रज्ञ रोमान याकबसन यांनी १९५९ मध्ये हेच मांडलं होतं: भाषांचा खरा फरक त्या काय सांगू शकतात यात नाही, त्यांना काय सांगावंच लागतं यात आहे. म्हणून मला तुझ्या चाळीस शब्दांची भीती वाटत नाही, ‘वी’ची वाटते. ‘यू’ची तर फारच. पहिल्या पत्रात तू मला ‘आपण’ लिहिलंस, तिसऱ्यात ‘तुम्ही’. माझ्या लक्षात आलं, बरंही वाटलं. इंग्रजीत ते कुठे ठेवशील?

दुसरं, या कथेतला निवेदक बाई की पुरुष, हे लेखकानं पानभर लपवलंय. तू तिसऱ्या ओळीत ‘मी गेले’ लिहून भांडं फोडलंस. मराठीत ‘गेलो-गेले’ आणि ‘जातो-जाते’ चुगली करतात. ‘मी पाहिलं’, ‘मला वाटलं’, ‘मी जाईन’ गप्प बसतात. एक पान एवढ्यावर निभावतं, मी करून पाहिलंय. घाम फुटतो, पण जमतं.

वही कुरिअरनं पाठवली आहे. ते पान पुन्हा लिहून पाठव. आणि चौथ्या परिच्छेदात दारात उभा असलेला तो ‘अंकल’ मामा आहे, काका आहे की शेजारचा कुणी, हे आधी कथा शेवटपर्यंत वाचून ठरव.

तुझी,
मावशी